चुनखडी ते गिलावा: चुन्याच्या तीन अभिक्रियांतून ऊष्मागतिकी

रसायनशास्त्रातला ऊष्मागतिकीचा धडा बहुतेक ठिकाणी व्याख्यांनी सुरू होतो. प्रणाली, परिसर, अवस्था-फल, एन्थाल्पी, एन्ट्रॉपी. व्याख्या पाठ होतात, गणितंही सुटतात. पण ‘ही अभिक्रिया आपोआप का होते?’ असं विचारलं की ‘उष्णता बाहेर पडते म्हणून’ एवढंच उत्तर मिळतं, आणि ते अपुरं आहे. माझ्या मते हा विषय एकच पदार्थ हातात धरून, शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहून शिकावा. त्यासाठी चुन्याइतका सोयीचा पदार्थ मला दुसरा दिसत नाही. तो स्वस्त आहे, सगळ्यांनी पाहिलेला आहे आणि त्याच्या तीन अभिक्रियांमध्ये जवळजवळ सगळ्या मूळ संकल्पना येऊन जातात.

पहिली अभिक्रिया भट्टीत होते. चुनखडी भाजली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो:

कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड, एन्थाल्पीतला बदल (स्थिर दाबाला आत आलेली किंवा बाहेर गेलेली उष्णता) +१७८.३ किलोज्यूल प्रति मोल.

दुसरी हौदात. कळीचा चुना पाण्यात विरतो:

कॅल्शियम ऑक्साइड + पाणी → कॅल्शियम हायड्रॉक्साइड, −६५.२ किलोज्यूल.

तिसरी भिंतीवर. गिलाव्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी, −११३.१ किलोज्यूल.

तिन्ही आकडे २५ अंश सेल्सिअस आणि १ बार दाबाचे आहेत. त्यांची बेरीज करून पाहा: १७८.३ मधून ६५.२ आणि ११३.१ वजा केले की शून्य उरतं. चुनखडीपासून निघून आपण चुनखडीपाशीच परत आलो, त्यामुळे एन्थाल्पीचा हिशोबही जिथून निघाला तिथेच आला. अवस्था-फल म्हणजे हेच. पदार्थ आत्ता कोणत्या अवस्थेत आहे यावर ज्याचं मूल्य ठरतं आणि तिथे तो कोणत्या वाटेनं पोहोचला याच्याशी ज्याला देणंघेणं नाही, अशी राशी. उष्णता आणि कार्य या दोन राशी तशा नाहीत. त्या वाटेवर अवलंबून असतात, म्हणून ‘या दगडात इतकी उष्णता आहे’ हे वाक्यच चूक आहे. उष्णता आत येताना किंवा बाहेर जाताना मोजायची असते. साठवलेली असते ती ऊर्जा.

आधी प्रणाली ठरवा

या विषयातल्या निम्म्या चुका चिन्हांच्या असतात, आणि चिन्हाची चूक जवळजवळ नेहमी प्रणाली न ठरवल्यामुळे होते. हौदात चुना विरताना पाणी तापतं. तापमान वाढलं म्हणजे ‘उष्णता मिळाली’, म्हणून चिन्ह अधिक, असं लिहिणारे बरेच भेटतात. इथे प्रणाली म्हणजे अभिक्रिया करणारे घटक: कॅल्शियम ऑक्साइड आणि त्याच्याशी जोडलं जाणारं पाणी. हौदातलं उरलेलं पाणी, हौदाची भिंत, भोवतालची हवा हा सगळा परिसर. तापला तो परिसर, म्हणजे उष्णता प्रणालीनं दिली, म्हणून चिन्ह उणे. तापमापी एरवी परिसरातच बुडालेला असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी चिन्ह चुकत नाही.

उघडा हौद ही खुली प्रणाली आहे, कारण वाफ बाहेर जाते आणि हवा आत येते. झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा डबा ही बंद प्रणाली: पदार्थ अडतो, उष्णता मात्र पत्र्यातून जाते. चांगला थर्मास काही मिनिटांपुरता विलग प्रणालीच्या, म्हणजे जिथून पदार्थही जात नाही आणि उष्णताही नाही अशा प्रणालीच्या, जवळ जातो. काही मिनिटांपुरताच, आणि पुढे मोजणी करताना हे महत्त्वाचं ठरतं.

पहिला नियम ऊर्जेच्या जमाखर्चाचा आहे. प्रणालीच्या अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे आत आलेली उष्णता अधिक प्रणालीवर झालेलं कार्य. जुन्या पुस्तकांत, विशेषतः अभियांत्रिकीच्या, प्रणालीनं केलेलं कार्य अधिक धरतात आणि सूत्रात वजाचं चिन्ह येतं. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. एकाच गणितात दोन्ही मिसळल्या की उत्तर हमखास चुकतं.

अंतर्गत ऊर्जा आणि एन्थाल्पी यांच्यातला फरक भट्टीच्या अभिक्रियेत नेमका दिसतो. एक मोल चुनखडी, म्हणजे १०० ग्रॅम, भाजली की एक मोल वायू तयार होतो. २५ अंशांवर त्याला सुमारे साडेचोवीस लिटर जागा लागते आणि ती जागा करायला तो बाहेरची हवा मागे ढकलतो. या ढकलण्याचं कार्य वायूचे मोल गुणिले वायू-स्थिरांक गुणिले केल्व्हिनमधलं तापमान, म्हणजे २.५ किलोज्यूल. म्हणून एन्थाल्पीतला बदल १७८.३ असला तरी अंतर्गत ऊर्जेतला बदल १७५.८ किलोज्यूल येतो. उघड्या भांड्यात, स्थिर दाबाला आपण जी उष्णता मोजतो ती एन्थाल्पी. हवाबंद, न फुगणाऱ्या बॉम्ब कॅलरीमापीत मोजतो ती अंतर्गत ऊर्जा. चुना विरवताना वायू घेतलाही जात नाही आणि सुटतही नाही, त्यामुळे तिथे हा फरक नगण्य आहे. गणितात सगळीकडे ही दुरुस्ती लावत बसण्यापेक्षा आधी वायूचे मोल मोजावेत.

भट्टीशिवाय भट्टीची उष्णता मोजणं

चुनखडी भाजायला लागणारी उष्णता थेट मोजणं अवघड आहे. नऊशे अंशांवरच्या भट्टीतून सगळीकडे उष्णता निसटत असते. पण एन्थाल्पी अवस्था-फल असल्यामुळे आडवाटेनं गेलं तरी चालतं. हा हेसचा नियम. जर्मेन हेस यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये १८४० साली तो मांडला, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पक्का होण्याच्याही आधी.

आडवाट अशी. चुनखडी आणि कळीचा चुना दोन्ही हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळून कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण देतात. चुनखडीच्या अभिक्रियेत प्रति मोल −१५.२ किलोज्यूल, कळीच्या चुन्याच्या अभिक्रियेत −१९३.५. पहिल्यातून दुसरं वजा केलं की १७८.३ मिळतं. बारावीच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत हे आकडे काढता येतात.

साहित्य: थर्मोकोलचे दोन ग्लास एकात एक घालून, ते कलंडू नयेत म्हणून २५० मिलीच्या चंचुपात्रात ठेवलेले. पुठ्ठ्याचं झाकण, त्याला तापमापीपुरतं भोक. शक्यतो ०.१ अंशाच्या खुणा असलेला तापमापी. दोन मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, प्रत्येक वेळी ५० मिली. कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी २.०० ग्रॅम, कॅल्शियम ऑक्साइडची १.१२ ग्रॅम. दोन्ही वजनं ०.०२ मोलची आहेत. आम्ल ०.१ मोल, म्हणजे लागतं त्याच्या अडीचपट, म्हणजे घन पदार्थ पूर्ण संपतो. डोळ्यांना गॉगल हवाच. चुन्याचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

आम्ल ग्लासात घालून झाकण लावा आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा, तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला भुकटी घाला, ढवळा, आणि पुढची सात-आठ मिनिटं वाचनं चालू ठेवा. आलेखावर शेवटची उतरती रेषा मागे चौथ्या मिनिटापर्यंत वाढवा. तिथे जे तापमान मिळतं ते खरं कमाल तापमान. तापमापीनं दाखवलेला सर्वांत मोठा आकडा घेतला तर उत्तर कमी येतं, कारण तिथवर पोहोचेपर्यंत काही उष्णता निसटलेली असते.

समजा, कळीच्या चुन्याला १७.८ अंशांची वाढ मिळाली. मिश्रणाचं वस्तुमान ५१.१ ग्रॅम आणि विशिष्ट उष्मा पाण्याचाच, ग्रॅममागे दर अंशाला ४.१८ ज्यूल धरला, तर उष्णता ३८०० ज्यूल, भागिले ०.०२ मोल, म्हणजे प्रति मोल −१९०. चुनखडीला १.३ अंशांची वाढ मिळाली तर ५२ ग्रॅमला सुमारे २८३ ज्यूल, प्रति मोल −१४.१. फरक १७६ येतो. चांगला आहे.

इथे बरेच जण चुनखडीच्या वाचनाला घाबरतात: वाढ दीड अंशसुद्धा नाही, मग चूक केवढी मोठी होईल! प्रत्यक्षात दोन्ही प्रयोगांत मोल सारखे आणि पाणी सारखं असल्यामुळे ०.२ अंशाची चूक दोन्हीकडे प्रति मोल सुमारे २ किलोज्यूलच करते. टक्केवारी चुनखडीकडे भयंकर दिसते, पण अंतिम उत्तरात दोन्ही चुकांचं वजन समान आहे. म्हणून चुनखडीचं वाचन वाढवायला तिची मात्रा दुप्पट करण्यात फारसा अर्थ नाही. फेस वर येऊन आम्ल सांडतं आणि प्रयोगच जातो.

काय बिघडतं ते ओळीनं सांगतो. कॅल्शियम ऑक्साइडची बाटली कपाटात जुनी झाली असेल तर तिच्यातला बराचसा भाग हवेतल्या ओलाव्यानं हायड्रॉक्साइड झालेला असतो. हायड्रॉक्साइडची आम्लाशी अभिक्रिया −१२८.३ किलोज्यूलचीच, म्हणून उत्तर कमी येतं. आधी चिमूटभर भुकटीवर चार थेंब पाणी टाकून पाहावं. ती सणसणीत तापली नाही तर वापरू नये, किंवा मुशीत जाळावर लाल करून, कोरड्या बंद भांड्यात थंड करून घ्यावी. खडे जाड असतील तर अभिक्रिया मिनिटभर रेंगाळते आणि तेवढा वेळ उष्णता गळत राहते. कॅल्शियम कार्बोनेट म्हणून फळ्याचा खडू कुटून घेऊ नका. बाजारातले बरेच खडू जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात आणि त्यांना आम्लात फेसच येत नाही. संगमरवराची भुकटी चालते. शहाबादी फरशीच्या भुकटीतून वायू येतो, पण तिच्यात माती-सिलिका असते, त्यामुळे वजनावरून मोल काढता येत नाहीत.

आणखी दोन बारीक गोष्टी. चुनखडीतून निघणारा वायू कोरडा जात नाही, तो द्रावणातली वाफ घेऊन जातो. ०.०२ मोल वायूबरोबर सुमारे ३० ज्यूल निघून जातात, म्हणजे मोजायच्या उष्णतेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. उलट काही वायू द्रावणातच विरघळून राहतो आणि साधारण तेवढीच उष्णता देतो. आणि आम्लाचा विशिष्ट उष्मा पाण्यापेक्षा काही टक्के कमी असतो. तो ४.१८ धरल्यानं उत्तर फुगतं, तर ग्लासातून गळणाऱ्या उष्णतेनं ते आक्रसतं. दोन उलट चुका एकमेकींना झाकतात. म्हणून एकदाच आलेल्या सुंदर १७८ वर विश्वास ठेवू नये. ग्लास न बदलता तीन वेळा करावं आणि तिन्ही आकडे लिहावेत.

विरवताना पाणी किती घ्यायचं

हाच हिशोब हौदापाशी लावला की कामाचा होतो. एक किलो शुद्ध कळीच्या चुन्यात १७.८ मोल कॅल्शियम ऑक्साइड असतं. विरताना ते सुमारे ११६० किलोज्यूल देतं. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला २९३ किलोज्यूल लागतात. म्हणजे किलोभर चुना जवळजवळ चार लिटर पाणी उकळीच्या टोकाला नेऊ शकतो. पाण्यातला काही भाग चुन्याशी जोडला जातो आणि तयार झालेला चुनाही तापतो, हे धरूनही चार लिटरला तापमान ९८ अंशांच्या घरात येतं. तीन लिटर घेतलं तर उकळी येणारच. बाजारातला चुना शुद्ध नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी, पण भांडं निवडताना शुद्ध चुन्याचा हिशोबच धरावा. प्लास्टिकची पातळ बादली मऊ पडते. ॲल्युमिनियमचं पातेलं तर कधीच नको, कारण चुन्याचं अल्कली त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो. लोखंडी घमेलं, पिंप किंवा बांधलेला हौद घ्यावा.

रासायनिक दृष्टीनं किलोला फक्त ०.३२ लिटर पाणी पुरतं. पण तेवढंच घातलं तर निर्माण झालेली उष्णता त्यातलंच पाणी वाफ करून उडवते आणि चुना अर्धवट कोरडा राहतो. कोरडी भुकटी हवी असेल तर उडून जाणारी वाफ धरून किलोला ०.६ ते ०.७ लिटर पाणी लागतं. गणितही हेच सांगतं: ०.३२ जोडलं जातं, आणि जास्तीत जास्त ०.४ लिटर वाफ होऊन जाऊ शकतं. त्याहून जास्त घातलं की भुकटी ओलसर राहते.

गिलाव्यासाठी लगदा हवा असेल तर आधी पाणी, मग त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे, आणि सतत ढवळणं. ढिगाऱ्यावर वरून थोडं पाणी मारलं तर आतल्या कोरड्या जागा शंभर अंशांच्या पुष्कळ वर जातात, तिथे चुना जाड दाण्यांचा होतो आणि कधी तडतडून अंगावर उडतो. याच्या उलट, मंद, म्हणजे सावकाश विरणाऱ्या, चुन्यावर एकदम गार पाण्याचा लोट सोडला तर उष्णता पसरून जाते, तापमान चढतच नाही आणि खडे न फुटता तळाशी बसतात. अशा चुन्याला सुरुवातीला पाणी कमी, शक्य तर कोमट द्यावं, आणि खडे फुटायला लागले की वाढवावं.

दिशा कोण ठरवतं

चुना विरतो, उष्णता देतो, आणि हे आपोआप होतं. चुनखडी भाजताना उष्णता घेते, आणि भट्टी पेटली की तेही आपोआप होतं. तेव्हा केवळ उष्णतेच्या चिन्हावरून दिशा ठरत नाही. दुसरा नियम सांगतो की प्रणाली आणि परिसर मिळून एकूण एन्ट्रॉपी वाढली पाहिजे. ‘एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था’ हे वाक्य मला आवडत नाही, कारण ते मोजायला काहीच मदत करत नाही. ऊर्जा किती वेगवेगळ्या प्रकारे वाटली जाऊ शकते त्याचं ते माप आहे. परिसरासाठी ते काढणं तर अगदी सोपं: परिसराला मिळालेली उष्णता भागिले परिसराचं केल्व्हिनमधलं तापमान.

विरण्याची अभिक्रिया घ्या. पाणी द्रव होतं, ते घनात अडकलं. प्रणालीची एन्ट्रॉपी प्रति मोल २६.३ ज्यूल प्रति केल्व्हिननं घटते. पण ६५,२०० ज्यूल परिसराला मिळाले, आणि २९८ केल्व्हिननं भागले की परिसराची एन्ट्रॉपी २१८.७ नं वाढते. एकूण वाढ १९२.४. म्हणून अभिक्रिया होते. या १९२.४ ला २९८ नं गुणा: ५७.४ किलोज्यूल. त्यावर उणे चिन्ह ठेवलं की गिब्जची मुक्त ऊर्जा, म्हणजे डेल्टा जी, तयार. एन्थाल्पीतून तापमान गुणिले एन्ट्रॉपी वजा करण्याचं जे सूत्र पाठ करतात, ते एकूण एन्ट्रॉपीचंच विधान आहे, फक्त परिसर नजरेआड करून प्रणालीच्या राशींत लिहिलेलं.

आता भट्टी. २५ अंशांवर प्रणालीची एन्ट्रॉपी १६०.६ नं वाढते, कारण घनातून वायू सुटतो. परिसरातून मात्र १७८.३ किलोज्यूल ओढले जातात, आणि त्याची एन्ट्रॉपी ५९८ नं घटते. एकूण उणे ४३७. अभिक्रिया होणार नाही. हीच उष्णता ९०० अंशांच्या, म्हणजे ११७३ केल्व्हिनच्या परिसरातून घेतली तर त्याची घट १५२ वर येते, आणि एकूण हिशोब अधिक होतो. भट्टी तापवण्याचा अर्थ हा: तितकीच उष्णता गरम परिसरातून काढली की त्याचं एन्ट्रॉपीत होणारं नुकसान कमी.

सीमारेषेचं तापमान काढायला १७८,३०० ला १६०.६ नं भागतात. ११११० असं भलतंच उत्तर आलं तर दशांशचिन्हाची चूक शोधा. बरोबर उत्तर १११० केल्व्हिन, म्हणजे ८३७ अंश सेल्सिअस. प्रत्यक्ष मोजमापात वायूचा दाब एक वातावरण व्हायला सुमारे ९०० अंश लागतात. तफावतीचं कारण असं की आपण एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपीचे २५ अंशांवरचे आकडे तसेच वर नेले. तापमानाबरोबर दोन्ही कमी होतात आणि एन्ट्रॉपी प्रमाणात जास्त घसरते. परीक्षेत ८३७ चालतं. भट्टीवर ९०० च्या वरच जावं लागतं.

दाबाचा भागही इथेच येतो. घन पदार्थ समतोल-स्थिरांकात येत नाहीत, त्यामुळे या अभिक्रियेचा स्थिरांक म्हणजे थेट कार्बन डायऑक्साइडचा दाब. २५ अंशांवर तो १० च्या उणे २३ व्या घाताच्या आसपास, बारमध्ये. हवेत हा वायू ०.०००४ बारहून थोडा अधिक आहे, म्हणजे कितीतरी पटींनी जास्त, म्हणून संगमरवरी फरशी घरात विघटित होत नाही. तापवत गेलं तर साडेपाचशे अंशांच्या आसपास दोन्ही दाब सारखे होतात, पण तिथे वेग इतका कमी असतो की चुना भाजण्याच्या कामाला त्याचा उपयोग नाही. सर जेम्स हॉल यांनी १८०५ च्या सुमारास एडिनबर्गमध्ये उलट बाजूनं हे दाखवलं: बंदुकीच्या नळ्यांत खडू घट्ट बंद करून तापवला. वायू बाहेर पडू शकला नाही, आणि खडूचा चुना न होता संगमरवरासारखा दगड झाला. त्याच शहराशी जोडलेले जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये चुनखडीतून जाणारा वायू वजनावरून पकडला होता, आणि पुढे सुप्त उष्म्याची कल्पनाही त्यांनीच मांडली.

भट्टीवाल्याला यातून मिळतं ते असं: खालून वारा खेळता हवा, नाहीतर कार्बन डायऑक्साइड साठून अभिक्रिया अडते. खडे एकसारख्या आकाराचे हवेत. मोठ्या खड्याच्या गाभ्यातून वायू बाहेर ढकलला जाण्यासाठी आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त लागतो, म्हणजे गाभ्याला तापमानही जास्त लागतं, आणि नेमकी उष्णता तिथेच सर्वांत उशिरा पोहोचते. किमान उष्णता किलोभर चुन्याला ३१८० किलोज्यूल, म्हणजे टनाला सुमारे ३.२ गिगाज्यूल. चांगल्या उभ्या भट्टीत खर्च चारच्या आसपास जातो. १०० किलो दगडातून ५६ किलो चुना आणि ४४ किलो वायू. हा वायू कितीही चांगल्या भट्टीत टळत नाही, कारण तो इंधनाचा नसून दगडाचाच आहे.

जाता जाता चुन्याच्या निवळीबद्दल, म्हणजे चुना विरघळलेल्या स्वच्छ पाण्याबद्दल. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळताना थोडी उष्णता देतं, प्रति मोल १६.७ किलोज्यूल. म्हणून पाणी तापवलं की ते कमी विरघळतं: २० अंशांवर लिटरला १.७ ग्रॅम, उकळत्या पाण्यात याच्या निम्म्याहूनही कमी. निवळी गार पाण्यातच करावी. स्वच्छ निवळी तापवल्यावर गढूळली तर ते कार्बन डायऑक्साइडमुळे आहे असं लगेच लिहू नये. थंड करून ढवळल्यावर ती हळूहळू स्वच्छ होते का ते पाहावं.

डेल्टा जी वेळ सांगत नाही

गिलाव्यातली अभिक्रिया २५ अंशांवर −७३ किलोज्यूलची आहे. विरण्याच्या अभिक्रियेपेक्षा ओढ जास्त. तरी विरणं काही मिनिटांत होतं आणि गिलावा आतपर्यंत दगड व्हायला महिने, जाड भिंतीत वर्षं लागतात. मुक्त ऊर्जा दिशा सांगते, वेग नाही. कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यात पसरतो. गिलाव्याची छिद्रं पाण्यानं भरलेली असतील तर वायू आत पोहोचत नाही. अगदी कोरडी असतील तर अभिक्रियेला पाण्याचा पापुद्रा मिळत नाही. म्हणून चुन्याचा गिलावा पातळ थरांत करतात, उन्हापासून झाकतात आणि अधूनमधून हलकं पाणी मारतात, सिमेंटसारखा भिजत ठेवत नाहीत. भिजवलेला लगदा मात्र वर चार बोटं पाणी ठेवून वर्षभर टिकतो, त्याच कारणानं.

जास्त भाजलेला चुना हे याचंच दुसरं उदाहरण. अकराशे-बाराशे अंशांवर रेंगाळलेल्या खड्याची छिद्रं बुजतात. त्याची डेल्टा जी जवळपास तीच, पण पाणी आत शिरत नाही. असा खडा हौदात शांत पडून राहतो आणि महिन्यांनी भिंतीत विरतो. विरताना घनाचं आकारमान दुप्पट होतं, मोलमागे सुमारे १७ घन सेंटिमीटरवरून ३३ वर. मग गिलाव्यावर फोड येतात आणि खपली उडते. लगदा बारीक चाळणीतून गाळून किमान दोन-तीन आठवडे मुरवणं हा त्यावरचा उपाय आहे. चुन्याच्या घाण्यात दगडी चाकाखाली मळण्यानंही हे खडे चिरडले जातात.

गिलावा कुठवर दगड झाला ते पाहायचं असेल तर कोपऱ्यातला तुकडा ताजा फोडून कडेवर फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे थेंब टाकावेत. जिथे हायड्रॉक्साइड शिल्लक आहे तिथे गडद गुलाबी, कार्बोनेट झालेल्या थरात रंगहीन. रंगहीन पट्टीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून तारखेसह लिहून ठेवावी आणि तीन महिन्यांनी शेजारीच पुन्हा बघावं. वाढ थांबली असेल तर भिंत फार कोरडी आहे की सतत ओली, ते तपासून पाणी मारण्याचं प्रमाण बदलावं.